गाडी उचलताना

"दस्त्या, गाडी कापतीया," असं म्हणून रंगनाथ मोकाशी खाली उतरलाच नाही. माझ्या गॅरेजच्या दारात अँबॅसिडर उभी करून, कोपर खिडकीबाहेर टाकून तो तसाच बसून राहिला. गाडीला ताप आलाय आणि तिला एकटं सोडायचं नाही, असा चेहरा.

हाताचं ग्रीस फडक्याला पुसत मी बाहेर आलो आणि कुठं कापते म्हणून विचारलं.

"पहिल्याला उचलताना. एकदा चालली की काय न्हाई. पण उचलताना अशी थरथरती, मागं बसलेल्या म्हातारीची कवळी वाजावी."

"मग म्हातारीला पुढं बसव," मी म्हणालो.

एरवी माझ्या असल्या फालतू बोलण्यावरही तो मांडीवर थाप मारून हसायचा. त्या दिवशी हसला नाही. लेकीचं, वैजूचं लगीन तोंडावर आलंय, एवढंच म्हणाला, आणि गाडी स्वतःच खालून काम करायच्या खड्ड्यावर चढवायला आत घेतली. चढवताना ती खरोखरच थरथरली. बॉनेटवर ठेवलेला माझा पाना खाली पडला.

रंगनाथची ओळख करून द्यायला हवी, कारण पाटण गावाबाहेरच्या लोकांना तो माहीत असायचं कारण नाही. आम्ही एका बाकावर शिकलो आणि एकाच वर्षी शाळेला रामराम ठोकला. मी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगाराचा पोरगा, चुलत्याच्या गॅरेजात शिरलो. तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि पुढं स्वतःच्या टॅक्सीचा मालक झाला. स्टँडवर जिपा, टॅक्स्या पुष्कळ होत्या, पण लेक सासरी पाठवायची तर रंगनाथच्याच गाडीतून, असा गावात रिवाज पडला होता. त्याला कारण होतं. नवरी आत बसली की बाकीचे ड्रायव्हर हॉर्न मारून घाई करायचे. हा गप्प बसायचा. नवरीची आई खिडकीतून लेकीचा हात धरून रडत असायची, तिचं पुरतं रडून होऊ द्यायचा. मग गाडी अशी अलगद उचलायचा की ती निघाली हे त्या बाईला हात रिकामा झाल्यावरच कळायचं.

त्याचे नियम होते. नवरीची गाडी मागं घ्यायची नाही, म्हणून तो आधीच तिचं तोंड रस्त्याकडं करून लावायचा. निघालेली गाडी बंद पडू द्यायची नाही. आणि बारा महिने तेरा काळ पाळायचा नियम म्हणजे त्याच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. माझ्या गॅरेजातसुद्धा गाडी खड्ड्यावर तोच चढवणार, काम झालं की ट्रायल तोच घेणार, मी शेजारी बसून कान लावणार. मी त्याला यावरून पुष्कळ चिडवलं, पण कधी मोडता घातला नाही. दुसऱ्याच्या हातातलं हत्यार मागू नये असं माझा बाप सांगायचा, आणि रंगनाथचं हत्यार ते होतं.

वैजयंती त्याची एकुलती एक लेक. आम्ही सगळे तिला वैजू म्हणायचो. ती फ्रॉकमध्ये पुढच्या सीटवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायची, तेव्हापासून रंगनाथ तिला सांगत आला होता की तुला सासरी मीच घेऊन जाणार. आमच्याकडं बापानं लेकीच्या पाठवणीत जायची रीत नाही. सोबत पाठराखीण जाते, करवली जाते, बाप मंडपातच राहतो. पण ड्रायव्हरला कोण अडवणार? बाप म्हणून जिथं जाता येणार नव्हतं तिथं ड्रायव्हर म्हणून जाता येत होतं, आणि या पळवाटेवर तो वर्षानुवर्षं खूश होता.

वैजू कराडला नर्सिंग शिकत होती. कोर्स व्हायचा होता, तेवढ्यात चिपळूणचं स्थळ सांगून आलं. ती नाही म्हणेल असंच सगळ्यांना वाटलं होतं. तिनं हो म्हटलं आणि वर जवळातला जवळ मुहूर्त धरा म्हणून हट्ट धरला. तिची आई इंदूवहिनी कावरीबावरी झाली, पण रंगनाथ हरखला. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला लेकीला पोचवायची, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्यासाठी गाडी नीट व्हायला हवी होती, आणि ती मी करायची होती.

गाडी उचलताना का कापते, याची उत्तरं ठरलेली असतात. इंजिन फिरत असतं, चाकं उभी असतात. दोघांची गाठ घालून देते ती क्लच प्लेट. गाठ सावकाश पडली तर गाडी अलगद निघते. पण प्लेट झिजली, तिच्यावर तेल उडालं किंवा इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती फाटली, की गाठ पडते आणि सुटते, पडते आणि सुटते, आणि गाडीला हुडहुडी भरते. मी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट तशी बरी होती, तरी नवी घातली. ट्रायलला निघालो, रंगनाथनं पहिला गिअर टाकला, आणि हुडहुडी होती तिथंच. मग रबरं बदलली. काही फरक नाही. मग फ्लायव्हील काढून एसटीनं कराडला नेलं, लेथवर तासून आणलं, पुन्हा सगळं जोडलं. पुन्हा तो चालवायला, मी शेजारी, आणि गाडी थरथरत गॅरेजबाहेर पडली.

मी पुरता ओशाळलो होतो. स्टँडवर कुजबुज सुरू झाली होती की दस्तगीरचा हात गेला. नेहमीची एकदोन गिऱ्हाईकं दुसरीकडं वळली. त्या वैतागात एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "रंगा, नाचता येईना अंगण वाकडं, असं तर न्हाई ना?"

मी गंमत केली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली. "गाडी नीट करायला आणलीया," तो म्हणाला, "म्हणी ऐकायला न्हाई." दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. चहासुद्धा त्यानं एकट्यानं घेतला.

शेवटी म्हटलं, खालून बघावं. मी खड्ड्यात उतरलो आणि त्याला वर सीटवर बसवलं. गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचचा एक लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो. वर पॅडल दाबलं की तो सरकतो, सोडलं की जागेवर येतो. इंजिन मी बंदच करायला सांगितलं होतं, कारण धुरानं डोळे चुरचुरत होते.

"दाब," मी खालून ओरडलो.

दांडा सरकला आणि थरथरायला लागला. मी म्हटलं, सापडलं. टॉर्च जवळ नेला. आणि मग ध्यानात आलं की इंजिन बंद आहे. गाडी मढ्यासारखी उभी होती आणि तो दांडा एकसारखा हलत होता, शिलाई मशीनची सुई हलावी तसा.

"सोड."

दांडा शांत झाला.

"दाब."

पुन्हा थरथर. मी दांड्यावर हात ठेवला. लोखंड गार होतं. कंप वरून येत होता, माणसाच्या पायातून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. फ्लायव्हील उरावर घेऊन मी कराडला गेलो होतो आणि दुखणं माझ्या शेजारी बसून येत जात होतं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी ती गाडी एकदा चालवून बघितली असती, तर त्याला पहिल्या फटक्यात कळलं असतं. पण त्या सीटवर कुणी बसत नव्हतं, आणि बसू द्यायचं नाही हे आम्ही दोघांनीही धर्मासारखं पाळलं होतं.

"काय दिसतंय?" रंगनाथनं वरून विचारलं.

मी पायऱ्या चढून वर आलो. गाडीचं दार उघडं होतं. त्याचा डावा पाय पॅडलवर होता आणि दोन्ही हातांनी तो स्वतःचा गुडघा दाबून धरत होता. चप्पल पायातून निघून बाजूला पडली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी बघतोय हे दिसल्यावर त्यानं हात काढून घेतले.

कधीपासून, असं मी विचारलं. काय कधीपासून, असं त्यानं उलट विचारलं. क्लच जड झालाय, नवी प्लेट घातल्यापासून जास्तच जड झालाय, माझ्या कामात काहीतरी राहिलंय, असं तो भराभर बोलत सुटला. मी त्याला बोलू दिलं. मग म्हणालो, "रंगा, कुंभार्ली उतरायचीया. आत लेक हाय, जावई हाय. तिथं पाय आला न्हाई तर?"

त्यानं वाकून चप्पल उचलली आणि पायात घालायचा प्रयत्न केला. ती काही जाईना. मी खाली बसून घातली.

"एवढी एक खेप, दस्तू," तो म्हणाला. चिडवायचं नसलं की तो मला दस्तू म्हणायचा. "ही एक खेप होऊ दे. मग तू म्हणशील त्या डाक्टरकडं येतो. पण आत्ता कुणाला बोलू नगो."

मी म्हणालो की मी पुढं त्याच्या शेजारी बसणार आणि घाट लागला की स्टेअरिंग माझ्या हातात द्यायचं. तो बघू म्हणाला. एवढ्यावरच आमचं बोलणं संपलं. पुढचे दिवस स्टँडवर कुणी गाडीचं विचारलं की तो म्हणायचा, दस्त्याला जमंना झालंय. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो.

लग्न हायस्कूलच्या मैदानावर झालं. जेवणं आटोपली, ऊन कलायला लागलं आणि पाठवणीची वेळ आली. अँबॅसिडरला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नेहमीप्रमाणं तिचं तोंड रस्त्याकडं होतं. मागं वैजू, तिच्या शेजारी नवरदेव, आणि पाठराखीण म्हणून रंगनाथची थोरली बहीण. पुढं मी. रंगनाथ फेटा बांधून येऊन बसला. चालताना तो इंदूवहिनीच्या खांद्यावर हात ठेवून आला, आणि बघणाऱ्यांना, वहिनीलाही, वाटलं बापाला गहिवरून आलंय.

इंदूवहिनी खिडकीपाशी आली. तिनं वैजूचा हात धरला. रंगनाथ नेहमीसारखा गप्प बसून राहिला. तिचं रडून होऊ दिलं. मग पहिला गिअर टाकला. माझी नजर त्याच्या पायावर होती. पायजम्याच्या आत पोटरी उडताना दिसत होती.

गाडीनं हिसका खाल्ला आणि बंद पडली.

मंडपात एकदम शांत झालं. रंगनाथच्या गाडीतली नवरी आणि गाडी बंद पडली, असं त्या गावानं कधी बघितलं नव्हतं. त्यानं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा गाडी थरथरली, दोन हात पुढं गेली आणि अशी धाडकन थांबली की वैजूचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं आणि वहिनीचा हात खिडकीच्या चौकटीवर. आत्याबाई नारळ ओवाळायला सांगू लागल्या. मागून कुणीतरी माझ्या नावानं शिवी दिली. नवऱ्याचा मामा सज्जन माणूस होता, तो जवळ येऊन म्हणाला, "मोकाशी, मनाला लावून घेऊ नका. आमची जीप आहे, पोरं तिच्यात बसतील."

रंगनाथचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मला वाटलं, हा तिसऱ्यांदा चावी फिरवणार. त्यानं फिरवली नाही. दार उघडलं, आधी उजवा पाय बाहेर ठेवला, मग डावा हातानं उचलून बाहेर घेतला आणि दाराला धरून उभा राहिला.

"दस्तू, तू बस हितं," तो म्हणाला.

मी सरकून त्या सीटवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सीट त्याच्या अंगानं खोलगट झाली होती. मी म्हणालो, "तू इकडनं बस की. माझ्या शेजारी."

"आता ड्रायव्हर मिळाला तिला," तो म्हणाला. "बापानं जायची रीत न्हाई." आणि त्यानं दार लावलं.

मी चावी फिरवली आणि क्लच दाबला. पॅडल अगदी हलकं गेलं. माझं काम चोख झालं होतं. नवी प्लेट, नवी रबरं, तासलेलं फ्लायव्हील, तालुक्यात त्या दिवशी त्या गाडीइतकी अलगद उचलणारी दुसरी गाडी नसेल. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. अख्खा स्टँड माझ्या नावानं बोटं मोडत होता, तो सगळा तिथं उभा होता. नुसता पाय सावकाश उचलायचा, की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

पण मग सगळ्या गावानं गाडीकडं बघायचं सोडून रंगनाथच्या पायाकडं बघितलं असतं. तो खिडकीपाशीच उभा होता. तो गाडीकडं बघत नव्हता, वैजूकडंही नाही. माझ्याकडं बघत होता.

मी अॅक्सिलरेटर दिलाच नाही आणि क्लच एकदम सोडला. गाडी उडी मारून बंद पडली. लोक हसले. मी खिडकीतून डोकं काढून मोठ्यानं म्हणालो, "कामात चुकलंय काहीतरी माझ्या." पुन्हा चालू केली आणि या वेळी क्लच तुकड्या-तुकड्यानं सोडला. गाडी कापत, धडधडत मैदानाबाहेर पडली. माळेतली फुलं रस्त्यावर सांडली. नवशिक्यानंही इतकी वाईट गाडी काढली नसती. मागच्या आरशात रंगनाथ दिसला. तो शेजारच्या माणसाला हातानं गाडी दाखवून काहीतरी सांगत होता. शब्द ऐकू आले नाहीत, पण काय सांगत असेल ते मला ठाऊक होतं.

पुढच्या रिकाम्या सीटकडं माझं लक्ष जात होतं. रस्ता कोयनेच्या काठानं जातो. गाडी सुरेख चालली होती. बऱ्याच वेळानं नवरदेव म्हणाला, "आता बरी चालते की. मघाशी काय झालं होतं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून वैजू म्हणाली, "थंड असली की अशीच करते ती."

त्या उन्हात गाडी थंड कुठली असायला? मी आरशात बघितलं. ती खाली मान घालून हातातल्या बांगड्या सरळ करत होती.

हेळवाकला मी गाडी थांबवली. पुढं घाट होता आणि आत्याबाईंना मळमळत होतं. नवरदेव त्यांना घेऊन लिंबूपाणी बघायला गेला. वैजू उतरली नाही. तो लांब गेल्यावर ती म्हणाली, "काका, बाबांच्या हातून दोनदा बंद पडली. नंतरची तुम्ही पाडलीत ना?"

"पाय सटकला," मी म्हणालो.

"तुमचा पाय सटकत नाही."

ती सांगत गेली. दिवाळीच्या सुट्टीत बापाच्या पायाला तेल चोळत होती. तळवा जरा वर दाबला की पाय उडायला लागायचा आणि थांबायचाच नाही. तिनं वॉर्डात असे पेशंट बघितले होते. कराडला परत गेल्यावर मोठ्या डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता. मग काहीतरी निमित्त काढून रंगनाथला तिकडं नेलं आणि त्यांना दाखवलंही. याला औषध नाही, आधी पाय जातात, मग हात, मग बोलणं, असं डॉक्टरांनी तिला बाहेर घेऊन सांगितलं. बापाला तिनं नुसती टॉनिकची बाटली दिली आणि नसा आखडल्यात म्हणून सांगितलं. आईलाही कळू दिलं नाही.

"मग तू लगीन कशाला..." मी म्हणालो आणि माझा मीच थांबलो.

"कोर्स पुरा करून केलं असतं तर तोपर्यंत त्यांचा पाय राहिला नसता," ती म्हणाली. "मला लहानपणापासून दुसरं काही सांगितलं नाही हो त्यांनी. मी हिशेब केला, उन्हाळ्यापर्यंत चालवतील. थोडक्यात हुकलं, काका."

मंडपात ती आईच्या गळ्यात पडून रडली होती, सगळ्या नवऱ्या रडतात तशी. हे रडणं निराळं होतं. आवाज नव्हता. मी पुढं बसून स्टेअरिंगकडं बघत राहिलो, कारण मागं वळलो असतो तर मलाही आवरलं नसतं. नवरदेव येताना दिसला तशी तिनं शालूच्या पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मला माहीत आहे हे बाबांना सांगू नका." मी मान हलवली. गाडी चालू केली, अलगद उचलली आणि घाटाला लागलो.

रात्री चिपळूणलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा मैदानावर मांडववाले बांबू सोडत होते आणि रंगनाथ एका लोखंडी खुर्चीवर एकटाच बसला होता. घरी का गेला नाही म्हणून विचारलं तर म्हणाला, गाडीची वाट बघत होतो. मी सांगायला लागलो की सासू चांगली आहे, दारात ओवाळलं, घराला मोठं अंगण आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाडी कशी गेली?"

"छळलं तिनं," मी म्हणालो. "हेळवाकला बंद पडली. घाट चढून येताना पण अशी थरथरली, मला वाटलं न्हाई पोचत."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "तरी मी म्हणत हुतो," तो म्हणाला. "काम जमलंच न्हाई तुला. परत खोल तिला."

"खोलतो," मी म्हणालो.

आणि खोलली. काही दोष नसलेली गाडी मी गॅरेजच्या कोपऱ्यात घेतली, गिअरबॉक्स उतरवला, प्लेट, फ्लायव्हील सगळं काढून फडक्यावर मांडून ठेवलं. ते तसंच राहिलं. कुणी रंगनाथला विचारलं की हल्ली गाडी काढत नाहीस, तर तो सांगायचा, दस्त्याकडं उघडून पडलीया, त्याच्याच्यानं होईना. लोक मला येऊन टोमणे मारायचे. एक क्लच बसवता येत नाही त्याच्याकडं गाडी कोण टाकणार, म्हणून क्लचची कामं माझ्याकडं यायचीच बंद झाली. मी पंक्चर काढली, ऑइल बदललं, दिवस काढले. रंगनाथ रोज येऊन स्टुलावर बसायचा, आधी काठी टेकत, मग इंदूवहिनीच्या भावाच्या आधारानं. आमचं गाडीबद्दल बोलणं व्हायचं, कुठला पार्ट कुठं मिळेल, मिरजेला बघावा की कोल्हापूरला. पायाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

शेवटी शेवटी त्याला घरीच भेटायला जावं लागायचं. जीभ जड झाली होती, त्याचं बोलणं कळायला कान तोंडाजवळ न्यावा लागे. वैजू चिपळूणहून आली की सगळं तीच करायची. तिच्यासमोरच एकदा त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि विचारलं, "गाडी?"

"थोडं काम हाय अजून," मी म्हणालो.

"सावकाश कर," तो म्हणाला. "घाई न्हाई."

तो गेल्यावर गाडी कशाला कोपऱ्यात ठेवायची? एका सकाळी बसलो आणि सगळं जोडून टाकलं. तेच पार्ट, काही बदललं नाही. माझ्या हातांनी ते काम कसं केलं मला आठवत नाही, पण दुपारच्या आत झालं. गाडी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. इंदूवहिनी आवाज ऐकून दारात आली. पुढच्या वळणावरून गाडी फिरवून आणली आणि तिच्यासमोर एकदा थांबवून पुन्हा उचलली, ती जराही थरथरली नाही. वहिनी बघत उभी राहिली.

"इतकी चांगली होत हुती, भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "मग तवाच का न्हाई केली? ह्यांचा पाय चांगला हुता तवा. लेकीला तेवढं सोडून आले असते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं ऐकणं जास्त जड गेलं. मी गाडी बंद केली आणि चावी तिच्या हातात दिली.

"माझ्याच कामात चुकलं हुतं, वहिनी," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.